पावलं ऐकू येण्यासाठी

गेल्या दिवाळीत कोल्हापूरला घरी गेलो, तर बॅग खाली ठेवायच्या आत धाकट्या भावानं मोबाइल माझ्यापुढे धरला. आठ टॅब उघडे, आठही हेडसेटचे. "दादा, यातला कुठला घेऊ सांग. बजेट चार हजार. सेव्हन पॉइंट वन पाहिजेच, आणि ५० एमएमचे ड्रायव्हर." तो इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि रात्री बारानंतर व्हॅलोरंट खेळतो. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये. म्हणजे घरातल्या प्रिंटरपासून गिझरच्या टायमरपर्यंत सगळ्याचा तज्ज्ञ मीच.

तेवढ्यात आतल्या खोलीतून टीव्हीचा आवाज आला. आला म्हणजे, तो गल्लीच्या कोपऱ्यापासूनच येत होता. पप्पा बातम्या बघत होते. मी आत जाऊन म्हटलं, "पप्पा, आवाज जरा कमी करू?" ते म्हणाले, "आं? व्हय, जेवूया की." पप्पांनी २७ वर्षं एका फाउंड्रीच्या फेटलिंग विभागात काढली आहेत. फेटलिंग म्हणजे ओतून थंड झालेल्या कास्टिंगवरचे नको असलेले कंगोरे छिन्नीनं तोडायचे आणि ग्राइंडरनं घासून काढायचे. ज्यांनी उद्यमनगर किंवा शिरोली एमआयडीसीत तो आवाज ऐकलाय त्यांना जास्त सांगायला नको.

भावाला लगेच उत्तर दिलं नाही. चार हजारांचा प्रश्न आहे, जरा वाचतो आणि सांगतो, म्हटलं. वाचत वाचत मी १८८१ सालच्या पॅरिसपर्यंत गेलो. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचं उशिरा दिलेलं उत्तर आहे.

सुरुवात मात्र राजारामपुरीतून करावी लागेल. मी सातवी-आठवीत असताना तिथल्या एका सायबर कॅफेत आम्ही काउंटर-स्ट्राइक १.६ खेळायचो. तासाला वीस रुपये. दहा-बारा मशिन होती आणि त्यातल्या चार नंबरच्या मशिनसाठी मारामारी व्हायची, कारण त्याच्या हेडफोनच्या दोन्ही बाजू चालू होत्या. बाकी बहुतेकांची वायर मोडून एकच बाजू उरलेली. या गेममध्ये माणूस पळाला तर पावलं वाजतात आणि शिफ्ट दाबून चालला तर वाजत नाहीत. एका कानानं खेळणाऱ्याला कळायचं की कोणीतरी येतंय. दोन कानांनी खेळणाऱ्याला कळायचं की तो डावीकडच्या दारातून येतोय. चार नंबरवाला नेहमी जिंकायचा आणि आम्ही त्याला चीटर म्हणायचो.

या भेदाचं शास्त्र लॉर्ड रॅले या इंग्रज भौतिकशास्त्रज्ञानं १९०७ मध्ये नीट मांडलं. आपले दोन कान साधारण सतरा-अठरा सेंटिमीटर अंतरावर आहेत. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. डावीकडून आलेला आवाज डाव्या कानात आधी पोचतो आणि डोक्याला वळसा घालून उजव्या कानात थोडा नंतर. हे 'नंतर' जास्तीत जास्त ०.६ ते ०.७ मिलिसेकंदांचं असतं, आणि मेंदू त्याच्याही कित्येक पट लहान फरक पकडतो. हे झालं खर्जाच्या बाजूच्या आवाजांचं. बारीक, तीव्र आवाजांना डोकं आडवं येतं, त्यामुळे पलीकडच्या कानात ते हळू ऐकू येतात. वेळेचा फरक आणि जोराचा फरक, या दोनांवर डावं-उजवं ठरतं. पुढचं-मागचं आणि वरचं-खालचं ओळखायला कानाच्या पाळीच्या वळ्या मदत करतात. हेडसेटच्या खोक्यावर काहीही छापलेलं असो, आतलं सगळं काम एवढ्यावरच चालतं.

पण शास्त्राच्या आधी अनुभव आला होता. १८८१ मध्ये पॅरिसला विजेचं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरलं. क्लेमाँ आदेर नावाच्या अभियंत्यानं ऑपेराच्या रंगमंचाच्या कडेला टेलिफोनचे ट्रान्समीटर ओळीनं मांडले आणि तारा दोन किलोमीटरहून लांब असलेल्या प्रदर्शनाच्या इमारतीपर्यंत ओढल्या. लोक रांग लावून दोन कानांना दोन रिसीव्हर धरायचे. एक रिसीव्हर रंगमंचाच्या डाव्या बाजूचा, दुसरा उजव्या बाजूचा. गायिका चालत इकडून तिकडे गेली की ऐकणाऱ्याच्या डोक्यातही ती चालत गेली. टेलिफोनचं पेटंट निघून तेव्हा पाच वर्षं झाली होती. म्हणजे चार नंबरच्या मशिनवर जे मिळत होतं ते माणसाला सव्वाशे वर्षांपूर्वी मिळालं होतं, फक्त बंदुकीऐवजी ऑपेरा.

त्यानंतरची कित्येक वर्षं हेडफोन करमणुकीची वस्तू फारशी राहिली नाही, ती कामाची झाली. मला या कहाणीतला हाच भाग सगळ्यात आवडतो. टेलिफोन एक्स्चेंजमधल्या ऑपरेटरना दोन्ही हात जोडण्या करायला मोकळे हवे होते, म्हणून रिसीव्हर कानाला बांधायची पद्धत आली. सुरुवातीचं ते धूड खांद्यावर पेलावं लागायचं आणि वजन किलोंमध्ये होतं. आपल्या हेडफोनची पिन त्याच एक्स्चेंजच्या बोर्डावरची. पाव इंची पिन होती, तिची धाकटी बहीण म्हणजे आपली ३.५ मिलिमीटरची.

मग १९१० मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यातून नथॅनिएल बॉल्डविन नावाच्या माणसानं नौदलाला एक जोडी पाठवली. नौदलाच्या वायरलेसवाल्यांना ती तोपर्यंतच्या सगळ्या रिसीव्हरपेक्षा कितीतरी संवेदनशील वाटली. त्यांनी मोठी ऑर्डर द्यायचं ठरवलं, तर साहेब म्हणाले एका वेळी दहाच मिळतील, कारण ते स्वयंपाकघरात बसून हातानं बनवत होते. प्रत्येक कानाच्या डबीत बारीक तांब्याच्या तारेची भलीमोठी गुंडाळी, दोन डब्यांना जोडणारी डोक्यावरून जाणारी पट्टी, आणि बाहेरून वीज अजिबात नको. नौदलाची एक तक्रार होती : पट्टी डोक्याला टोचते. ती त्यांनी सुधारून दिली. शंभरहून जास्त वर्षांपूर्वीच्या पहिल्या गिऱ्हाइकाचा पहिला रिव्ह्यू हा होता, आणि आजही खरेदीच्या साइटवर एक स्टार देणारे बहुतेक तेच लिहितात.

आता थोडं आपल्या गावाकडे. १४ मार्च १९३१ ला मुंबईत 'आलम आरा' लागला आणि भारतीय पडदा बोलू लागला. स्टुडिओ रेल्वे रुळांशेजारी होता, म्हणून गाड्या थांबल्यावर मध्यरात्री एक ते चारच्या दरम्यान त्याचं बरंच चित्रण करावं लागलं होतं. (आमच्या गल्लीत शांतता मिळते ती वेळही हीच.) त्याच वर्षी डिसेंबरमध्ये लंडनमध्ये ॲलन ब्लमलिन या २८ वर्षांच्या इंजिनिअरनं एका पेटंटसाठी अर्ज केला. त्याची गोष्ट अशी सांगतात की बायकोबरोबर बोलपट बघताना तो वैतागला. नट पडद्याच्या एका टोकाला आणि त्याचा आवाज भलतीकडच्या एकाच स्पीकरमधून. याला उपाय आहे, असं तो म्हणाला आणि त्यातून आज ज्याला आपण स्टिरिओ म्हणतो त्याची मांडणी झाली. पुढे १९४२ मध्ये रडारच्या चाचणीदरम्यान विमान कोसळून तो गेला, त्यामुळे आपल्या कल्पनेचा संसार त्याला बघायला मिळाला नाही.

ब्लमलिन जेव्हा बोलपटाला नावं ठेवत होता, नेमकं तेव्हा कोल्हापुरात बोलपट तयार होत होता. १९२९ मध्ये इथे सुरू झालेल्या प्रभात फिल्म कंपनीनं 'अयोध्येचा राजा' केला, तो १९३२ मध्ये आला. ध्वनीची बाजू सांभाळली विष्णुपंत दामल्यांनी. हा माणूस मुळात बाबूराव पेंटरांच्या तालमीतला, पडदे रंगवण्यापासून सुरुवात केलेला. बाबूरावांनी तर कॅमेराच कोल्हापुरात घरच्या घरी बनवला होता. म्हणजे साउंड इंजिनिअरिंगचा कोर्स वगैरे काही नाही. यंत्र समोर आलं, उघडलं, समजून घेतलं, वापरलं. पार्श्वगायन अजून यायचं होतं. नटानं कॅमेऱ्यासमोर गायचं, वादकांनी चौकटीबाहेर लपून वाजवायचं आणि सगळं एकाच वेळी एका पट्टीवर उतरवायचं. अशा वेळी ध्वनिमुद्रकाला खोलीतला आवाज ऐकून चालत नाही, यंत्रात काय जातंय ते ऐकावं लागतं, आणि ते कानांवर हेडफोन चढवूनच ऐकू येतं. प्रभातच्या बोधचिन्हात तुतारी फुंकणारी स्त्री आहे. १९३३ मध्ये कंपनी पुण्याला गेली. सिनेमाच्या इतिहासात आपण नट, दिग्दर्शक, संगीतकार मोजतो. कोल्हापुरात डोक्यावर हेडफोन लावून आठ-आठ तास बसणारे पहिले लोक कोण, हे कोणी मोजत नाही. मला वाटतं गेमर लोकांचे खरे पूर्वज ते.

पुढची वर्षं भरभर सांगतो. वैमानिकांचे हेडसेट जड होते, म्हणून दोन वैमानिकांनी १९६१ मध्ये कॅलिफोर्नियात प्लँट्रॉनिक्स कंपनी काढली आणि मायक्रोफोन तोंडाशी आणणारा हलका हेडसेट केला. १९६९ मध्ये नील आर्मस्ट्राँगचे चंद्रावरचे शब्द त्यांच्याच बनावटीतून आले. १९५८ मध्ये मिलवॉकीच्या जॉन कॉसनं एक पोर्टेबल रेकॉर्ड प्लेअर प्रदर्शनात मांडला. प्लेअरकडे कोणी ढुंकून बघितलं नाही, सोबत ठेवलेल्या स्टिरिओ हेडफोनसाठी मात्र झुंबड उडाली. १९६८ मध्ये सेनहायझरनं एचडी ४१४ आणला, पिवळ्या स्पंजचा, पाठीमागून उघडा. १९७९ मध्ये सोनीचा वॉकमन आणि त्याच्याबरोबर ५० ग्रॅमच्या आसपासचा हेडफोन. इथून तो रस्त्यावर आला.

गेमिंगचा खरा प्रसंग १९९० च्या दशकाच्या शेवटचा आहे, आणि त्यावर माझ्यासारखा कोड लिहिणारा माणूस अजूनही हळहळू शकतो. ऑरियल नावाच्या कंपनीनं ए३डी हे तंत्रज्ञान आणलं. खेळातल्या खोलीचा आकार, भिंती, आवाज कुठून निघाला आणि कशावर आपटून आला, याचा हिशेब साउंड कार्ड करायचं आणि शेवटी दोनच कानांसाठी दोन आवाज तयार करायचं. रॅलेचं शास्त्र, अधिक पाळीच्या वळ्यांचं गणित. १९९८ च्या हाफ-लाइफमध्ये त्याची सोय होती, आणि काउंटर-स्ट्राइक हे हाफ-लाइफच्याच पोटातून निघालेलं. मग स्पर्धक क्रिएटिव्हनं पेटंटचा दावा ठोकला. ऑरियल तो जिंकली, पण खटल्याच्या खर्चानं दिवाळखोरीत गेली आणि २००० मध्ये तिची मालमत्ता क्रिएटिव्हनंच विकत घेतली. २००७ मध्ये विंडोज व्हिस्टानं साउंड कार्डाला थेट हाताशी धरायची जुनी वाट बंद केली. आम्ही राजारामपुरीत खेळत होतो तेव्हा या विषयात जग दहा वर्षं मागे गेलेलं होतं आणि आम्हाला पत्ताही नव्हता.

ती रिकामी जागा भरली खोक्यावरच्या शब्दांनी. ७.१ म्हणजे खरं तर थिएटरात सात बाजूंना सात स्पीकर आणि एक दणक्याचा. हेडसेटमध्ये बहुतेक वेळा प्रत्येक कानाला एकच ड्रायव्हर असतो. मग सात कुठून आले? सॉफ्टवेअर सात स्पीकरची नक्कल करतं आणि ती पुन्हा दोनांत पिळून घालतं. सिनेमा बघायला ठीक आहे. पण काउंटर-स्ट्राइकनं २०१६ मध्ये आणि व्हॅलोरंटनं २०२१ मध्ये कानांचं गणित परत गेमच्या आत आणलं. गेमनं दोन कानांसाठी नीट हिशेब करून दिलेला आवाज हेडसेटच्या ७.१ मधून पुन्हा जाऊ दिला, तर एकदा गाळलेला चहा परत उकळल्यासारखं होतं. दिशा पुसट होते. भावाला मी पहिली गोष्ट सांगितली ती ही : व्हॅलोरंटमधलं एचआरटीएफ चालू कर, बाकीचं सगळं बंद, साधा स्टिरिओ. ५० एमएमचंही तसंच. ड्रायव्हर मोठा म्हणजे आवाज खरा, असं काही नाही. बनावट कशी आहे त्यावर ते ठरतं. हायपरएक्सचा २०१४ चा गाजलेला क्लाउड हेडसेट मुळात टाकस्टार या चिनी कंपनीच्या स्टुडिओ हेडफोनवरून घडवलेला. माइक लावला, नाव बदललं, गेमिंग झालं. आणि तो चांगला होता, कारण स्टुडिओचा हेडफोन चांगला होता.

"मग ब्लूटूथ घेऊ का? वायर नको," भाऊ म्हणाला. साध्या ब्लूटूथवर आवाज शंभर-दोनशे मिलिसेकंद उशिरा पोचणं नेहमीचं. पाव सेकंदात निकाल लागणाऱ्या खेळात एवढा उशीर म्हणजे पाऊल ऐकू येईपर्यंत माणूस समोर. त्याहून मोठी गंमत माइक चालू केल्यावर होते. जुन्या पद्धतीच्या ब्लूटूथमध्ये कॉम्प्युटरवर माइक सुरू झाला की हेडसेट फोनच्या कामाला लागतो आणि दोन कानांत एकच घोगरा आवाज यायला लागतो. आदेरच्या आधीचं जग. बिनतारीच हवा असेल तर स्वतःच्या यूएसबी डोंगलसह येणारा २.४ गिगाहर्ट्झवाला घ्यावा, पण चार हजारांत वायरवाला जास्त देतो.

उघडा की बंद, यावर आमचा वाद झाला. सेनहायझरच्या त्या स्पंजवाल्यासारख्या उघड्या हेडफोनमध्ये आवाज मोकळा लागतो, डोक्याबाहेर असल्यासारखा, आणि कान तापत नाहीत. माझं मत असं की शांत खोली असेल तर उघडाच घ्यावा. पण आमच्या घरी शांत खोली नाही. पंखा आहे, रस्ता आहे, पप्पांचा टीव्ही आहे. बाहेरचा गलका आत आला की माणूस काय करतो? व्हॉल्यूम वाढवतो. आणि इथे मला फाउंड्री आठवली.

पप्पांना मी दोन वर्षांपूर्वी कानांच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. तपासणीच्या कागदावर एक रेघ येते : डावीकडे खर्जाचे आवाज, उजवीकडे बारीक. पप्पांची रेघ बऱ्यापैकी सरळ चालली होती आणि ४००० हर्ट्झपाशी विहिरीत पडावी तशी खाली गेली होती. गोंगाटानं गेलेल्या कानाची खूण हीच. स्वर राहतात, व्यंजनं जातात. स, श, फ, थ ही मंडळी वरच्या मजल्यावर राहतात. त्यामुळे पप्पांना 'साखर' आणि 'भाकर' सारखंच ऐकू येतं आणि त्यांना वाटतं, आम्ही तोंडातल्या तोंडात बोलतो. कानाच्या आतल्या या केसासारख्या पेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत. आपल्याकडे कारखान्यांच्या नियमांत ८ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा आहे. त्याहून कडक मोजमाप ८५ चं आहे, आणि त्यात दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो : ८८ ला चार तास, ९१ ला दोन, १०० ला पंधरा मिनिटं. पप्पांच्या काळात कानात कापसाचा बोळा हाच इलाज होता, तोही दुपारपर्यंत पडायचा.

हेडसेट पूर्ण आवाजावर सहज १०० च्या वर जाऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेनं ऐकण्याच्या उपकरणांसाठी सांगितलेलं प्रमाण आठवड्याला ४० तास ८० डेसिबल आहे, मुलांसाठी ७५. भाऊ रोज तीन तास खेळतो. गोळी सुटते तेव्हा आवाज फार मोठा असतो आणि पाऊल फार हळू. खेळणारे पाऊल ऐकू यावं म्हणून आवाज वाढवतात आणि मग प्रत्येक गोळी त्या वाढवलेल्या आवाजात कानावर घेतात. पावलांच्या ज्या बारीक खसखशीवर सगळा खेळ आहे, तीही बरीचशी त्याच वरच्या मजल्यावरची. म्हणजे आज जिंकण्यासाठी वाढवलेला आवाज नेमका तोच भाग खातो जो उद्या जिंकायला लागणार. हे मी त्याला बोललो तर तो म्हणाला, "दादा, तू पप्पांची भीती घालतोयस." घालत होतो.

म्हणून बंद, कान पूर्ण झाकणारा, वायरचा, हलका, गादी काढून बदलता येईल असा. माइकमध्ये स्वतःचा आवाज थोडा स्वतःला ऐकू यायची सोय असेल तर उत्तम. टेलिफोनमध्ये ती पहिल्यापासून असायची, म्हणून फोनवर माणूस ओरडत नाही. भाऊ रात्री एकला "बी वर जा, बी वर!" असं ओरडतो ते पप्पांना ऐकू येत नाही, पण आईला येतं.

ऑर्डर देण्याआधी माझा ऑफिसच्या मीटिंगचा हेडसेट त्यानं दोन दिवस वापरून बघितला. तोही बंद, वायरवाला, वर काही दिवे नसलेला. दुसऱ्या दिवशी पप्पा खुर्चीत शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, बघू मला. भावानं तो त्यांच्या डोक्यावर चढवला, व्हॅलोरंट उघडलं आणि एक मित्र ऑनलाइन होता त्याला त्यांच्याभोवती पळायला सांगितलं. पप्पांनी डोळे मिटले. थोडा वेळ काही नाही. भावाचा हात व्हॉल्यूमच्या चाकाकडे गेला, मग तिथेच थांबला. मग पप्पांनी डावा हात उचलला, "ह्या अंगाला." बरोबर होतं. पुढचं चुकलं. त्याच्या पुढचं पुन्हा बरोबर.

हेडसेट काढून त्यांनी तो हातात उलटासुलटा केला, पट्टी ताणून बघितली, कास्टिंग तपासावं तसं कडेवरून अंगठा फिरवला.

"कानाला दाबत न्हाई," म्हणाले. "किती ग्रॅमचा हाय?"